शनवारचा घाणा

डिसेंबरातला शुक्रवार. दुपारी दीडला लाइन गेली आणि तिळाचा घाणा अर्ध्यावर थांबला. लाट, म्हणजे तीळ पिळणारा लाकडी दांडा, उखळात तशीच तिरपी. अर्धवट पिळलेला तीळ गार झाला की पुढं तेल सोडायला कुरकुर करतो, म्हणून मी आधीच वैतागलेलो. सेलू तालुक्यात आमच्या फीडरवर लाइन गेली की दोन-तीन तास गेलेच समजायचे. तेवढ्यात एक गाडी अंगणात येऊन थांबली. सत्तरीचे एक गृहस्थ उतरले, मागून काकू. दोन दिवसांपासून सेवाग्रामला मुक्कामी होते, लाकडी घाणा कुठं बघायला मिळेल असं विचारत विचारत आले होते.

त्यांना तिळाचं तेल पाहिजे होतं. तिळाचं कालच संपलेलं. शेल्फावर जवस, करडई आणि शेंगदाणा होतं, ते दाखवलं. काकू म्हणाल्या, "चालेल की करडईचं, दिव्यालाच तर पाहिजे." पण गृहस्थांचा जीव घाण्यात अडकलेला. डोळ्यांसमोर निघालेलं तेल पाहिजे होतं त्यांना.

"काकाजी, लाइनचा काई भरवसा नाई. उद्या सकायी या, पयलं तुमचंच काढतो."

"उद्या शनिवार. उद्या नाही जमणार."

मला वाटलं, माणूस आपल्यातलाच दिसतो. आमच्याकडंही शनिवारी कोणी तेल विकत नेत नाही. शनीचा वार, घरात तेल आणू नये म्हणतात. मारुतीला वाहायला पाच-दहा रुपयांचं नेतात, बाकी दिवसभर मी माशा मारतो. हे मी बोलून दाखवलं तर दोघं नवरा-बायको एकमेकांकडं बघून हसायला लागले.

"तुमच्याकडं घेत नाहीत, आमच्याकडं काढत नाहीत," ते म्हणाले. "आम्ही शनवार तेली."

आमचा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा. बैल माझ्या वडिलांच्या काळात गेले आणि मोटर आली, पण तेल्यांच्या पोटजाती मला पाठ आहेत: तिरळे, एरंडेल, एकबैले, दोनबैले. शनवार तेली हे नाव कधी ऐकलं नव्हतं. सरळच विचारलं. बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, असं उत्तर आलं. अलिबागचे.

ज्यू म्हटल्यावर मला एकच नाव माहीत होतं, तेही सेवाग्राम जवळ असल्यामुळं. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मसाठी 1910 साली गांधीजींना अकराशे एकर जमीन वापरायला देणारे हर्मन कालेनबाख. कोकणातले ज्यू माझ्यासारखं मराठी बोलतात आणि त्यांच्या घरात घाणा फिरत होता, हे कोणी सांगितलं असतं तर मी थट्टाच समजलो असतो.

लाइन नव्हतीच. चहा ठेवला आणि काकाजी बोलत बसले.

त्यांच्यात सांगतात की फार पूर्वी अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं. सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या. मेलेल्यांना तिथंच पुरलं. सोबतचे ग्रंथ समुद्रात गेले. लोक कोकणातल्या गावागावांत पांगले, तेलाच्या धंद्यात शिरले आणि गावाच्या नावाला 'कर' लावून आडनावं घेतली. ग्रंथ नाही, प्रार्थनेचं पुस्तक नाही. 'शमा इस्राएल', म्हणजे 'हे इस्राएल, ऐक', एवढे शब्द तोंडात राहिले, मुलांची सुंता राहिली, खवले-पर असलेलाच मासा खायचा हे राहिलं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा हे राहिलं. महादेवासाठी सोमवार पाळणारे ते सोमवार तेली, हे शनवार तेली. गावानं बंद घाण्यावरून नाव पाडलं. आमची ओळख चालू घाण्यावरून, यांची बंद घाण्यावरून. मला याची मोठी गंमत वाटली.

"मग शनवारी करता काय जी?"

"मशिदीत जातो."

माझा पुन्हा गोंधळ. चेहरा बघून काकूंनीच उलगडा केला. त्यांचं प्रार्थनेचं घर ते सिनेगॉग. हा शब्द अलीकडचा, जुनी माणसं मशीदच म्हणायची. मुंबईत मांडवीला 1796 साली सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युअल इझिकिएल, यांनी बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग बांधलं, 'शार हारहमीम', दयेचं दार. इंग्रजांच्या पलटणीतला हा माणूस टिपूच्या कैदेत सापडला होता. तुम्ही कोण, असं विचारल्यावर "बेने इस्राएल" म्हणाला आणि टिपूच्या आईनं मध्ये पडून जीव वाचवला, असं त्यांच्या घरोघरी सांगतात. सुटलो तर देवाचं घर बांधीन असं तो बोलला होता. त्याच्या नावानं तिथं सॅम्युअल स्ट्रीट आहे. लोक त्या सिनेगॉगला जुनी मशीद म्हणत, आणि मस्जिद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं, असं काकाजींचं ठाम म्हणणं. त्या स्टेशनावर बाटल्या-बुचांच्या चौकशीला मी दोनदा उतरलोय.

त्यांचं स्वतःचं सिनेगॉग अलिबागच्या इस्राएल आळीत. मागेन आबोथ, वाडवडिलांची ढाल. 1848 सालचं, 1910 मध्ये पुन्हा बांधलेलं. तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवायचं कपाट यरुशलेमच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला. मधोमध कठडा, तिथं उभं राहून हजान प्रार्थना म्हणणार. पण मला जास्त आवडलं ते पुढचं. त्यांच्या आजोबांच्या वेळी मुकादम आणि चौगुला असायचे. भाऊबंदकी असो की नवरा-बायकोचं भांडण, सगळं मशिदीच्या ओट्यावर यायचं, दंडाचा पैसा मशिदीच्या खर्चात जायचा. लग्न तिथं, सुंता तिथं, बारशाची नावं तिथं. आमच्या तेली समाजाच्या बैठका मारुतीच्या पारावर व्हायच्या. मुकादम हा शब्द तर आम्ही कापूस वेचणाऱ्या टोळीच्या म्होरक्याला अजून वापरतो.

भिंतीवरच्या संताजी महाराजांच्या फोटोकडं बोट करून त्यांनी विचारलं, हे कोण? तुकोबांचे अभंग उतरवून ठेवणारे, आमच्यातले, असं सांगितल्यावर काकाजी खुशीत आले. त्यांच्यात 1880 सालापासून कीर्तनं व्हायला लागली म्हणे. अब्राहमाचं, मोशेचं आख्यान, साकी-दिंडीत, मराठीत. दोन ओळी त्यांनी म्हणूनही दाखवल्या. आवाज फाटका, पण चाल आमच्या हरिभाऊबुवाची. काकूंनी मलिद्याचं सांगितलं. त्यांचा मलिदा गोड पोह्यांचा, वर नारळ आणि फळं, एलियाहू हन्नाबी या त्यांच्या संदेष्ट्याच्या नावानं. आमच्या दर्ग्यातला पोळी कुस्करून गूळ घातलेला.

"आता किती घरं आहेत जी आळीत?"

यावर ते लगेच बोलले नाहीत. 1948 नंतर लोक इस्राएलला जात राहिले, त्यांचे दोन भाऊही गेले. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ जमले तर दहाव्याची वाट बघत बसायचं, फोन लावायचे, पाहुणा आलाय का विचारायचं. "शनिवारी मी इथं आहे म्हणजे तिथं एक कमी," असं म्हणून त्यांनी कपातला गार चहा पिऊन टाकला. 2016 मध्ये राज्य सरकारनं अल्पसंख्याक दर्जा दिला. चांगलंच झालं, पण कागदानं दहावा माणूस थोडाच येतो?

चारला लाइन आली. मी कोमट पाण्याचा हबका मारला आणि मोटर सुरू केली. काकाजी लाटेपासून हातभर अंतरावर उभे. त्यांच्या घरामागं आजोबांचं उखळ पडलंय, त्यात पावसाचं पाणी साचतं, पोरं बेडूक पकडतात. घाणा फिरताना त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. साडेचारला धार लागली. तेल गढूळ होतं, दोन दिवस निवळायला पाहिजे, नाहीतर वात तडतडते. मी तसं बजावलं. काकू घड्याळ दाखवत होत्या, कारण त्यांचा शनवार शुक्रवारी दिवस बुडताच लागतो, दिवे त्याच्या आत लागले पाहिजेत आणि आमच्याकडं साडेपाचनंतर लगेच अंधार. फडक्यातून गाळून पावशेर तेल बाटलीत भरून दिलं. बाकी दोन लिटर निवळल्यावर रविवारी न्यायचं ठरलं. गाडी चौकाकडं अशी धावली की मी दार लावायचंही विसरलो.

शनिवारी मारुतीच्या तेलाला सहा गिऱ्हाईकं आली.

रविवारी काकाजी एकटेच आले. वात तडतडली का, विचारलं. "तडतडली. हिनं मला शिव्या दिल्या." मग ढेपेच्या, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीच्या, ढिगाशी वाकून त्यांनी मूठभर ढेप उचलली आणि नाकाशी नेली. थोरला भाऊ जानेवारीत इस्राएलमधल्या अश्दोदहून येणार होता. त्यानं लहानपणी आजोबांचा घाणा फिरताना पाहिला होता. त्याला वास दाखवायचा म्हणून किलोभर ढेप कागदात बांधून मागितली.

ढेपेचे पैसे मी घेतले नाहीत. तेलाचे घेतले.