घरचा घास

शहामृगाच्या खाद्याचा हिशेब तोवर मी कधी केला नव्हता. मरोळच्या ऑफिसात बसून परदेशातल्या शेतांची खाद्याची शीटं बनवते, ती बहुतेक कोंबड्यांची नाहीतर गायींची. जुलैतल्या एका बुधवारी फाइल आली ती दक्षिण आफ्रिकेतल्या लिटल कारूमधली. हाच तो औट्सहोर्नचा पट्टा. १९१४ मध्ये पिसांचा बाजार कोसळला, तोवर शहामृगांच्या पैशावर इथे हवेल्या उठल्या होत्या. मालकाचा प्रश्न सरळ होता: तयार खाद्य घेण्यापेक्षा शेतावरच मिसळलं तर टनामागे किती वाचेल?

गिऱ्हाइकाचे दर चारचौघांत सांगायचे नसतात, म्हणून तयार खाद्याचा भाव १०० धरते.

मका, सोयाबीन पेंड, गव्हाचा कोंडा, लसूणघास, चुनखडी, मीठ, प्रीमिक्स म्हणजे जीवनसत्त्वं-खनिजांची तयार पूड. एक्सेलच्या सॉल्व्हरला, म्हणजे अटीत बसणारं सगळ्यात स्वस्त मिश्रण शोधणाऱ्या साधनाला, ऊर्जेच्या आणि प्रथिनांच्या अटी घातल्या, उत्तर आलं ९१. घास मात्र जवळजवळ बाहेर. मालकाने घासापुढे दर शून्य लिहिला होता, "घरच्याच शेतातला" म्हणून, आणि सॉल्व्हरला तो फुकटसुद्धा नको होता. तिथेच शंका यायला हवी होती. मी शीट पाठवलं आणि डबा उघडला.

पोळी संपायच्या आत फोन. "मॅडम, आमच्या तीन पिढ्या घासावर पक्षी वाढवतायत. तुमच्या कागदात तो गेला कुठे?"

आमच्याकडे परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलेले एक डॉक्टर आहेत. त्यांनी पडद्यावर एक नजर टाकली. "तक्ता कोंबडीचा लावलास ना?"

लावला होता. कोणत्या जिन्नसातून किती ऊर्जा मिळते, ते कोंबडीच्या तक्त्यातून घेतलं होतं. पक्षी तो पक्षी, असं धरून चालले होते. पण शहामृगाच्या मोठ्या आतड्यात चारा आंबतो, घोड्याच्या आंबतो तसा, आणि त्या तंतूतून तो ऊर्जा काढून घेतो. त्याच लसूणघासातून कोंबडीला मिळते त्याच्या जवळजवळ दुप्पट.

तक्ता बदलला. उत्तर ५८! अटीत बसेल तेवढा सगळा घास आत. दोन मिनिटं मी खूश होते. मग तो शून्याचा रकाना डोळ्यांत खुपला. चुकीच्या तक्त्याने घास बाहेर ठेवला होता, तोवर त्याच्या दराची चूकही झाकलेली होती.

आमच्या गावी काकांचं दूधही असंच नफ्यात असतं. कडबा घरचा, राबणारी माणसं घरची, मग खर्च कसला? मी मालकाला विचारलं, हाच घास गठ्ठे बांधून विकला तर? "विकतो की. शेजारी नेतात." मग झालं. शेजाऱ्याने दिलेला भाव, वजा पोचवायचं भाडं, हा घासाचा दर. आकडा ७९.

उरलेल्या एकवीसमध्ये काय काय बसतंय ते पाहायला व्हिडिओ कॉल लावला. इकडे खिडकीवर पाऊस बदडत होता, तिकडे कोरड्या थंडीत मालक आणि त्यांचा एक गडी हॅमर मिलमध्ये, म्हणजे भरडायच्या यंत्रात, गठ्ठे ढकलत होते. भोवती हिरवी धूळ. उडत होती ती पानं, आणि घासातली प्रथिनं काडीपेक्षा पानात जास्त. म्हणजे नुसतं वजन उडत नव्हतं, त्यातला महागाचा भाग उडत होता.

माझे वडील वाशीच्या दाणाबाजारात मापाडी होते, त्यामुळे 'घट' हा शब्द मी बहुधा पाढ्यांच्या आधी शिकले. १४ टक्के ओलीचा १०० किलो मका १२ टक्क्यांवर सुकला की ९७.७ किलो भरतो. मधले सव्वादोन किलो कोणी चोरलेले नसतात. हे मला पाठ असून माझ्या शीटमध्ये घटीची ओळच नव्हती. वडिलांना मी हे अजून सांगितलेलं नाही.

उभ्या मिक्सरला घाण्यामागे, म्हणजे एका वेळी मिसळायच्या मालामागे, १५ मिनिटं, एवढाच वेळ मी धरला होता. घड्याळ लावून पाहिलं. वजन करणं, ओतणं, मिसळणं, पोती भरून शिवणं, खालचं झाडून घेणं: अर्ध्या टनाच्या घाण्याला दोन माणसांची ५० मिनिटं गेली. प्रीमिक्स होतं अडीच किलो. मालकाने ते थेट वरून भुरभुरलं, तसे माझ्या मागून डॉक्टर ओरडले, "अहो, आधी बादलीभर भरड्यात कालवा!" एका कोपऱ्यात गोळा झालं तर अर्ध्या पक्ष्यांना जीवनसत्त्वं मिळणारच नाहीत. एकाच घाण्यातून दहा ठिकाणचे नमुने घ्यायचे आणि प्रत्येकातलं मीठ मोजायचं; फरक दहा टक्क्यांच्या वर गेला तर मिसळणं कच्चं. त्या तपासणीचा खर्चही मांडला.

वीज, बारदान, यंत्राची झीज, मालात अडकलेल्या पैशाचं व्याज, सगळं धरून मोठ्या पक्ष्यांचं खाद्य ९३ ला पडलं. पिल्लांचं १०६. पिल्लांना लागतं थोडंच, पण ते बारीक दळावं लागतं. लांब काड्या पोटात अडकल्या तर पिल्लं दगावतात. त्यासाठी मिलची जाळी बदला, वेगळं प्रीमिक्स आणा, आणि महिन्याला निघणार जेमतेम दोन-तीन घाणे. पिल्लांचं विकतच घ्या, मोठ्यांचं शेतावर मिसळा, असं लिहून संध्याकाळी नवं शीट पाठवलं.

एक ओळ तेवढी रिकामी ठेवली होती, मालकाची स्वतःची मजुरी. हा आकडा तुम्हीच भरा, असं शेजारी लिहिलं.

गुरुवारी शीट परत आलं. त्या ओळीपुढे त्यांनी शून्य भरलं होतं.