भोंगा नसलेली नोकरी

कारखान्यात पाळी संपली की भोंगा होतो. दुकानदार शटर ओढतो. संशोधन आणि अध्यापन करणाऱ्याचं काम मात्र कुणी संपवून देत नाही. संशोधनाचा पेपर छापून आला तरी एक प्रयोग राहूनच गेला असं वाटतं, शिकवून झालेला तास आणखी बरा झाला असता असं वाटतं, आणि वाचायच्या पेपरांची यादी दर आठवड्याला लांबत जाते. या पेशातली माणसं तासांमुळे थकतात असा समज आहे. तास जास्त असतात हे खरंच. पण दिवसभर खपूनही संध्याकाळी ‘आज काय झालं?’ याचं उत्तर सापडत नाही, तो शीण वेगळा आणि माझ्या मते जास्त खोल जाणारा.

तेव्हा भोंगा आपला आपणच वाजवायचा. तो कसा, याबद्दल हे टिपण.

आधी लेखन, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच पेंड खातं. ‘सलग मोकळा वेळ मिळाला की लिहीन’ असं म्हणणाऱ्याला टर्म चालू असताना तो वेळ मिळत नाही, आणि सुट्टीत मिळालाच तर पहिले चार दिवस आपण कुठे थांबलो होतो हे आठवण्यात जातात. रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात प्राध्यापकांच्या लिहिण्याच्या सवयींचा बराच अभ्यास केला. १९८३ साली आलेल्या त्याच्या एका प्रयोगात काहींना ठरल्या वेळी लिहिणं सक्तीचं होतं, काहींनी मनात येईल तेव्हा लिहायचं होतं. सक्तीच्या गटाने जास्त पानं लिहिली यात नवल नाही. गंमत अशी, की नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या. म्हणजे सुचलं की लिहू, हा क्रमच उलटा आहे.

करायचं एवढंच: आठवड्यातून चार दिवस, ४५ मिनिटं, ठरलेल्या वेळी. त्याआधी मेल उघडायचा नाही. पहिली पाच मिनिटं कालचा शेवटचा परिच्छेद वाचायचा, मग पुढचं वाक्य. संदर्भ शोधायला थांबायचं नाही. तिथे चौकटी कंसात ‘संदर्भ’ एवढं लिहून पुढे जायचं, कारण एक संदर्भ शोधायला गेलेला माणूस तीन पेपर वाचून परततो आणि वेळ संपलेली असते. थांबताना वाक्य अर्धवट सोडलं तर उत्तम, दुसऱ्या दिवशी कोरं पान समोर येत नाही. नोंद मिनिटांची ठेवायची, शब्दांची नाही. चांगली दुरुस्ती करताना शब्द कमी होतात आणि शब्द मोजणाऱ्याला तो दिवस फुकट गेला असं वाटतं. आठवड्याला तीन तास म्हणजे ४० आठवड्यांत १२० तास. एक पेपर कच्च्या खर्ड्यापासून जर्नलला, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकाला, पाठवण्यापर्यंत न्यायला एवढे तास बहुतेक वेळा पुरतात.

हे मोडतं कुठे? बहुधा चांगल्या दिवशी. लिखाण रंगात येतं, ४५ मिनिटांचे चार तास होतात, त्या दिवशी तपासायच्या राहिलेल्या उत्तरपत्रिका उद्यावर जातात, उद्याची लिखाणाची बैठक बुडते, परवाचीही. वेळ झाली की उठायचं, हा नियम बसण्याच्या नियमाइतकाच कडक हवा.

आता दिवस बंद करण्याबद्दल. एका कामातून दुसऱ्यात शिरताना पहिल्याचा काही भाग डोक्यात रेंगाळतो, आणि पहिलं अर्धवट सुटलेलं असलं की जास्तच. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये हे दाखवून दिलं. जेवताना समोरच्याचं बोलणं कानावरून जातं ते त्यामुळेच. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११च्या प्रयोगांतून कामाची गोष्ट हाती लागली: अर्धवट काम पूर्ण केलं नाही तरी ते कधी आणि कसं करणार याचा नेमका बेत लिहिला, की त्याची टोचणी कमी होते. इथे सगळा भार ‘नेमका’ या शब्दावर आहे. ‘उद्या: पेपरवर काम’ ही नोंद कुचकामी आहे. ती अशी हवी: ‘तक्ता ३, दुसरा स्तंभ. १४ नोंदी रिकाम्या आहेत. सकाळी ९ला मूळ फाइल उघडून त्या ओळी वेगळ्या काढायच्या. सगळ्या एकाच केंद्रातल्या आहेत का ते बघायचं.’ शेवटची दहा मिनिटं यासाठी राखायची. चालू असलेल्या प्रत्येक कामाची अशी एक ओळ, मग वही मिटायची. हाच भोंगा. त्यानंतर रात्री काही सुचलं तर कागदावर दोन शब्द टिपावेत. लॅपटॉप उघडला की पाळी पुन्हा सुरू झाली म्हणून समजा.

सर्जनशीलतेविषयी बोलताना आंरी प्वँकारे या फ्रेंच गणितज्ञाचा किस्सा हमखास निघतो: कूतांस या फ्रान्समधल्या गावी बसच्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि उत्तर सुचलं. सांगणारे त्याआधीचा भाग गाळतात. हा किस्सा ज्या व्याख्यानात आला त्यातच, १९०८ साली, प्वँकारेने आधीच्या १५ दिवसांची हकीकतही सांगितली आहे: रोज टेबलाशी एक-दोन तास, असंख्य जुळण्या करून पाहणं, हाती काही नाही. बसची पायरी त्यानंतर आली. पुढे १९२६ मध्ये ग्रॅहम वॉलस या इंग्लिश विचारवंताने सर्जनाचे चार टप्पे मांडले: तयारी, मुरणं, उजळणं आणि पडताळणी. मुरायला आधी काही घातलेलं असावं लागतं. रिकाम्या बरणीत लोणचं मुरत नाही.

म्हणून फिरायला जाण्याआधी वीस मिनिटं अडलेला प्रश्न एका वाक्यात लिहायचा, खाली काय काय करून पाहिलं आणि ते का फसलं हे लिहायचं, आणि फोन घरी ठेवून बाहेर पडायचं. कानात पॉडकास्ट असेल तर पाय मोकळे होतील, डोकं नाही. दुसरी सवय रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञाची. बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत असताना तो शुक्रवारी दुपारच्या जेवणानंतर फक्त मोठ्या प्रश्नांवर बोलत आणि विचार करत असे. आठवड्यातले असे दोन तास ‘ज्याचा पेपर होणार नाही’ अशा गोष्टीसाठी ठेवावेत. टर्म तापली की सर्वात आधी बळी जातात ते हेच तास, कारण त्यांच्याविषयी तक्रार करणारं कुणी नसतं. दुसऱ्या एखाद्या माणसासोबत ठरवले तर वाचतात.

शिकवण्यातली मजाही अशीच राखावी लागते. एका टर्मला एका विषयात एकच गोष्ट बदलायची: एक उदाहरण, एक प्रश्नसंच. सगळा अभ्यासक्रम नव्याने मांडायला निघालेला शिक्षक तिसऱ्या आठवड्यात आदल्या रात्री स्लाइड करत बसलेला दिसतो.

नकार हा या पेशाचा रोजचा हवामान अंदाज. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांचा जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा पेपर तीन जर्नलांनी परत केला, १९७० मध्ये चौथ्याने छापला. २००१ मध्ये नोबेल. अशा गोष्टींनी धीर येतो, पण आपला परत आलेला पेपर थोर आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. मला भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांचं उदाहरण जास्त उपयोगी वाटतं. १९६४ मध्ये पेपर नाकारला गेल्यावर त्यांनी त्यात भर घातली, आणि नव्या कणाचा (पुढे हिग्ज बोसॉन म्हटलं गेलं त्याचा) स्पष्ट उल्लेख आला तो त्या वाढीव मजकुरात.

रिव्ह्यू, म्हणजे जर्नलने पेपर तपासायला दिलेल्या तज्ज्ञाचा (रिव्ह्यूअरचा) अभिप्राय, आला की एकदा वाचायचा आणि दोन दिवस बंद ठेवायचा. मग चार रकान्यांचा तक्ता: रिव्ह्यूअरचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, त्याला नेमकं काय हवंय ते आपल्या शब्दांत, आपण काय करणार, कोणत्या पानावर केलं. दुसऱ्या रकान्यात कडवटपणा गळून पडतो, कारण ‘लेखकांना मूलभूत गोष्टी ठाऊक नाहीत’ याचं भाषांतर पुष्कळदा ‘नमुना कसा निवडला ते दोन ओळींत सांगा’ एवढंच निघतं. रिव्ह्यूअरचा गैरसमज झाला असेल तरी ते वाक्य बदलावं. त्याला चुकीचं कळलं, तसं आणखी दहा जणांना कळेल. उलट, नाकारलेला पेपर एकाच्या शेऱ्यावरून मुळापासून उलटापालटा करू नये. पुढच्या जर्नलचा रिव्ह्यूअर नेमकं ते काढायला सांगू शकतो. पाठवण्याआधीच पुढच्या दोन जर्नलांची नावं लिहून ठेवली, की नकारानंतर पेपर महिनोन् महिने फोल्डरमध्ये कुजत नाही.

‘हो’ म्हणण्याचा खर्च आपण नेहमी कमी धरतो. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी ही खोड १९७९ मध्येच मांडली: आपण बेत आखतो तो सगळं सुरळीत पार पडेल असं धरून. सहा महिन्यांनंतरचं निमंत्रण आलं की ‘हे पुढच्या आठवड्यात असतं तर?’ असं विचारावं. सहा महिन्यांनीही आपण आजच्याइतकेच गुंतलेले असणार. नकार दोन ओळींत द्यावा आणि सबब सांगू नये. सबब दिली की समोरचा ती सोडवून देतो. ‘या टर्मला जमणार नाही’ पुरेसं आहे.

हे सगळं वहीच्या आवाक्यातलं. गाइड पीएचडी करणाऱ्याचं काम अडवून धरत असेल, करार दर वर्षी लटकत असेल, तर ४५ मिनिटांच्या बैठकीने ते सुटत नाही, आणि तसं सुचवणं क्रूरपणाचं आहे. २०१८ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त आलेल्या पाहणीत २६ देशांतले २,२७९ जण होते, बहुतेक पीएचडी करणारे, त्यांच्यात नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सहापटीहून जास्त निघालं. स्वतःहून उत्तरं देणाऱ्यांचीच पाहणी असल्याने आकडा फुगलेला असू शकतो. पण त्याच पाहणीत गाइडशी संबंध बिघडलेले असणं आणि ही लक्षणं असणं हातात हात घालून येताना दिसली. अशा वेळी गाइडशी झालेल्या प्रत्येक भेटीनंतर काय ठरलं ते त्याच दिवशी मेलने कळवून ठेवावं, प्रबंधावर देखरेख करणाऱ्या समितीतला दुसरा एक माणूस हाताशी असावा. दोन आठवडे झोप लागत नसेल किंवा आवडीचं काहीच करावंसं वाटत नसेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जावं, प्रबंधाचं प्रकरण थांबेल.

सुट्टीवर जातानाही तीच दहा मिनिटांची नोंद करायची, फक्त थोडी लांब. आणि परतण्याची तारीख इतरांना एक दिवस पुढची सांगायची. तो दिवस वही उघडून १४ रिकाम्या नोंदींपाशी परत पोहोचण्यासाठी लागतो.