वर्डस्टार लिहायला ८३ कळांचाच कीबोर्ड हवा

जुना पीसी भंगारातून वाचवणारे बरेच भेटतात, पण त्याचा कीबोर्ड तोवर कुठेतरी वेगळा निघून गेलेला असतो. मग गोल पिनेचा मिळेल तो लावतात. मला हे बघवत नाही.

माझ्या एक्सटीवर, म्हणजे आयबीएमच्या जुन्या पीसीवर, मी अजून वर्डस्टार या जुन्या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रोजनिशी लिहितो. कर्सर हलवायला त्यात कंट्रोल धरून ई, एस, डी, एक्स दाबायचे: वर, डावीकडे, उजवीकडे, खाली. एक्सटीच्या मूळ ८३ कळांच्या कीबोर्डवर कंट्रोल 'ए'च्या लगेच डावीकडे आहे. करंगळी तिथे टेकवली की बाकीची बोटं जागची हलतही नाहीत. पुढे १०१ कळांचा कीबोर्ड आला, कंट्रोल खालच्या कोपऱ्यात गेला आणि त्या मोक्याच्या जागी कॅप्स लॉक येऊन बसला. तेच वर्डस्टार त्यावर चालवून बघा, मनगट वाकडं होतं. एफ१ ते एफ१०सुद्धा जुन्यावर डाव्या हाताशी, दोन उभ्या रांगांत आहेत. आणि प्रत्येक कळीखालची स्प्रिंग दाबता दाबता एकदम बाजूला वाकते, तो खटका आणि पडद्यावरचं अक्षर बरोबरच येतात. इतकं नेमकं उत्तर देणारी कळ मला नंतर कुठेच मिळाली नाही.

पिनेचं मात्र सांभाळा. १९८१चा पीसी, एक्सटी आणि १९८४चा एटी, तिघांची पाच काड्यांची गोल पिन एकच, पण एटीची बोली, म्हणजे कळ दाबल्यावर कीबोर्ड पाठवतो ते आकडे, वेगळी. एक्सटीचा कीबोर्ड 'ए' दाबल्यावर ३० पाठवतो, सोडल्यावर १५८. एटीचा २८ पाठवतो, सोडल्यावर २४० आणि मग २८. त्यामुळे पिन बसते, पण काम होत नाही. इतर कंपन्यांच्या काही क्लोन कीबोर्डांच्या तळाला बोली बदलायचा बारीक स्विच असतो, त्यावर एक्सटीसाठी एक्स आणि एटीसाठी ए लिहिलेलं असतं. विकत घेताना कीबोर्ड पालथा करून तो आधी शोधावा. मशीन चालू असताना पिन काढू-घालू नये, मदरबोर्डवरचा फ्यूज जाऊ शकतो.

माझ्या ३८६ला, म्हणजे एटीच्याच पिनेच्या नंतरच्या पीसीला, मी टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड लावलाय, पीएस/२ या नंतरच्या छोट्या गोल पिनेचं साधं अडॅप्टर घालून. एटी आणि पीएस/२ची बोली एकच, फक्त पिनेचा आकार बदललेला, म्हणून तिथे काही अडत नाही. टायपिंगलाही तो फार चांगला आहे. पण वर्डस्टार एक्सटीवरच.

कुणी जुनं ऑफिस रिकामं करत असेल, तर डब्यासोबत त्याचा कीबोर्डही मागून घ्या.