मुंबई ते नागपूर: गाडीने गेलो, विमानाने परतलो

समृद्धी महामार्गावरून मुंबई-नागपूर ‘आठ तासांत’ हे आता सगळ्यांच्या तोंडी बसलंय. आकडा खोटा नाही, फक्त तो मुंबई ते नागपूर नाही. भिवंडीजवळचं आमणे ते नागपूरबाहेरचं शिवमडका, हे ७०१ किलोमीटर आहे. दोन्ही टोकांच्या पुढचा प्रवास कुणी मोजत नाही.

आम्ही दादरहून पहाटे पाचला निघालो. रस्ते मोकळे असूनही आमणेला पोचेपर्यंत सव्वासहा वाजले. सकाळी नऊला निघालात तर ठाणे-भिवंडीतच दोन तास जातील, तेव्हा पहाटेला पर्याय नाही. पुढे इगतपुरीचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा लागतो आणि कसारा घाट चढायचाच राहत नाही. जुन्या घाटात ट्रकमागे रखडलेल्या माणसालाच याचं मोल कळेल! इगतपुरी-आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, आणि खरा फरक त्यानेच पडलाय.

बोगद्यानंतर मात्र ऊन थेट डोळ्यांवर. रस्ता पूर्वेकडे जातो, त्यामुळे साडेनऊपर्यंत काळा चष्मा हाताशी हवाच. नागपूरहून दुपारी निघणाऱ्यांना तोच त्रास उलट्या दिशेने.

जालना, मेहकर, कारंजा हा पट्टा सर्वांत अवघड, कारण त्यात काहीच घडत नाही. रस्ता सरळ, वळणं नावाला, आणि १२० ची मर्यादा असल्याने गाडी एका लयीत चालते. इथेच डोळा लागतो. दर दोन तासांनी गाडी थांबवून खाली उतरा, चालक बदला. रात्री हा पट्टा एकट्याने चालवू नये, हे माझं ठाम मत. टायर जुने असतील तर निघूच नका: सिमेंटचा रस्ता, विदर्भातलं ऊन आणि सलग वेग यांत ते फुटतात. निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच त्यांतली हवा तपासा.

खाण्यापिण्याच्या सोयी वाढताहेत, पण टपरी दिसली की थांबू, असा हा रस्ता नाही. पाणी आणि डबा घरूनच घ्या. टाकी अर्धी झाली की पुढच्या पंपावर भरून टाका. दुचाकीला इथे प्रवेश नाही.

नागपुरात धरमपेठेत पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. दोन थांबे धरून साडेदहा तास. धुळे-अकोला-अमरावतीमार्गे हाच प्रवास पंधरा-सोळा तास खायचा.

परतीला गाडी भावाकडे ठेवून विमान धरलं. हवाई अंतर पावणेसातशे-सातशे किलोमीटर, उड्डाण दीड तासाचं. सोनेगावचा विमानतळ गावालाच लागून असल्याने नागपूरच्या बाजूला वेळ जात नाही. जातो तो मुंबईत. घर ते घर पाच तास धरा.

खर्चाचं म्हणाल तर १ एप्रिल २०२५ पासूनच्या दराने कारचा पूर्ण पथकर १,४४५ रुपये, आणि इंधनाचे पाच-साडेपाच हजार. चौघे असाल तर गाडी परवडते. एकटे असाल तर विमान, नाहीतर रात्रीची दुरांतो: झोपून उठलं की नागपूर. ठाणे, कल्याण, भिवंडीकरांना आमणे जवळ पडतं, त्यांनी गाडीच काढावी. बोरिवली-अंधेरीकरांनी मात्र विमानाचं तिकीट आधी बघावं.