काकूंची पिशवी
आज संध्याकाळी कोल्हापुरात रंकाळ्यावर शेजारच्या काकू भेटल्या. पोरगा दीड वर्ष कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच तुरुंगात. "मुलाखतीला गेलं की माझ्याकडं बघतच नाही रे, भिंतीशी बोलतोय." नातेवाईक म्हणतात, सोंग करतोय. (गेल्या दिवाळीपर्यंत मीही तेच म्हणत होतो.)

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातलं कलम १०३ मोबाईलवर वाचून दाखवलं. आदेश निघाला तर आजारी कैद्याला मनोरुग्णालयात हलवता येतं. आपल्याला जवळचं म्हणजे रत्नागिरीचं.

काकूंनी एवढंच विचारलं, "आंबा घाटातनं एसटी किती वाजता असती?"

मला माहीत नव्हतं. मग त्यांनी पिशवीतनं पोराच्या जुन्या गोळ्यांची चिठ्ठी काढली, चार घड्या घातलेली. फोटो काढून वकिलांना पाठवलाय. अजून निळी टिक आलेली नाही.