ब्यूइकच्या टाइन खोऱ्यात: चेरीबर्न, ओव्हिंजम आणि न्यूकॅसल

पक्ष्यांची चित्रं म्हटलं की बहुतेकांना अमेरिकन पक्षीचित्रकार ऑड्युबॉनची भलीमोठी रंगीत पानं आठवतात. पण त्याच्या एक पिढी आधी इंग्लंडच्या ईशान्येला टॉमस ब्यूइक नावाचा कोरीव काम करणारा कारागीर तळहातात मावतील एवढ्या लाकडी ठशांवर पक्षी कोरत होता, तेही निव्वळ काळ्या-पांढऱ्यात. 'हिस्टरी ऑफ ब्रिटिश बर्ड्‌स' या त्याच्या पुस्तकाचा जमिनीवरच्या पक्ष्यांचा खंड 1797 साली आला आणि पाणपक्ष्यांचा 1804 साली. सामान्य वाचकाच्या हातात मावणारं, पक्षी ओळखायला खरोखर उपयोगी पडणारं पुस्तक ब्रिटनला मिळालं ते इथे. त्याचं गाव, त्याचं कबरस्तान आणि त्याचं शहर पाहण्यासाठी आम्ही न्यूकॅसलला गेलो होतो. ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पहिला सल्ला क्रमाचा. बहुतेक जण न्यूकॅसलमधली संग्रहालयं आधी करतात आणि वेळ उरला तर गावाकडे जातात. उलट करा. आधी खोरं पायी हिंडा, मग चित्रं बघा. ब्यूइकच्या प्रत्येक पक्ष्यामागे एक बांध, एखादं कुंपण, ओढ्याचं वळण, लांबवर धूर निघणारं घर असतं. खोरं पाहून आलात की ही पार्श्वभूमी नुसती सजावट वाटत नाही. हा माणूस लहानपणापासून ज्या जागा ओळखत होता त्याच कोरत होता, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. पक्षी त्याच्या अधिवासात दाखवायचा हा विचार आज आपल्याला स्वाभाविक वाटतो. त्याच्या आधीच्या बऱ्याच पुस्तकांत मात्र पक्षी एखाद्या खुंटावर ताठ बसवलेला असे.

मुक्काम न्यूकॅसलला करावा. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून रेल्वेने साधारण तीन तास लागतात, एडिनबराहून त्याच्या निम्मे. न्यूकॅसल सेंट्रलहून कार्लाइलकडे जाणारी टाइन व्हॅलीची गाडी धरायची आणि प्रुडो किंवा स्टॉक्सफील्डला उतरायचं. ब्यूइकचं जन्मघर चेरीबर्न या दोन स्टेशनांच्या मधोमध आहे, कुठूनही अर्ध्या-पाऊण तासाची चाल, शेवटी चढ. चालायचं नसेल तर न्यूकॅसल-हेक्सम रस्त्यावरची बस मिक्ली गावात सोडते, तिथून जवळ पडतं. रविवारी गाड्या कमी असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा.

चेरीबर्न नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळं जपणाऱ्या संस्थेकडे आहे. हिवाळ्यात ते बंद असतं आणि हंगामातही रोज उघडं नसतं, त्यामुळे तारीख ठरवण्याआधी ट्रस्टच्या संकेतस्थळावर खात्री करणं अगदी गरजेचं आहे. छपाईचं प्रात्यक्षिक ज्या दिवशी असेल तो दिवस निवडा, त्यासाठी बाकीचा बेत बदलावा लागला तरी चालेल.

घर छोटं आहे. 1753 च्या ऑगस्टमध्ये ब्यूइक इथे जन्मला, आठ भावंडांतला थोरला. वडील थोडी शेती करत आणि कोळशाची एक लहानशी खाण चालवत. पोराला चित्रकला शिकवायला कुणी नव्हतं. वह्यांच्या कडा भरल्या की तो चर्चच्या आवारातल्या थडग्यांवर आणि घरी चुलीपुढच्या फरशीवर खडूने चित्रं काढी. त्या खोलीत चुलीसमोर वाकून फरशी बघा. नंतर बाहेर येऊन उतारावरून खाली टाइन नदीकडे नजर टाका. नदी, झाडांच्या रांगा, पलीकडचं चर्च: त्याच्या पुस्तकातलं अर्धं जग एवढ्यात आहे. बागेत रॉबिन पक्षी आमच्या पायाशी येऊन बसला होता, आणि त्याची मान वळवण्याची लकब त्या ठशात किती नेमकी उतरली आहे ते मला तेव्हा उमगलं.

आता कोरीव कामाबद्दल थोडं, कारण ते कळलं नाही तर पुढची चित्रं अर्धीच दिसतात. त्या काळी लाकडी ठसे बहुधा फळीच्या उभ्या धाग्यावर सुरीने कोरत, त्यामुळे रेघा जाड यायच्या. ब्यूइकने बॉक्सवूड या घट्ट, कठीण लाकडाचं खोड आडवं कापून त्या गोल चकतीच्या तोंडावर काम केलं, तेही तांब्याच्या पत्र्यावर चालणाऱ्या बारीक पोलादी हत्याराने. आडव्या कापात धागा आड येत नाही आणि केसासारखी रेघ ओढता येते. ही रीत त्याने शोधली नाही, पण तिला जी उंची त्याने दिली ती आधी कुणी दिली नव्हती. बॉक्सवूडचं खोड बारीक असतं म्हणून चित्रंही लहान. शिवाय जिथे हत्यार लागतं तिथे कागदावर पांढरं उमटतं, जे लाकूड शिल्लक राहतं ते काळं. म्हणजे तो सावली रेखाटत नव्हता, काळोखातून उजेड कोरून काढत होता. स्टार्लिंग पक्ष्याच्या अंगावरचे ठिपके बघा, हा सगळा खेळ त्यात दिसतो. लांबचे डोंगर फिके दिसावेत म्हणून ठशाचा तेवढा भाग तो किंचित खरवडून खाली घेई, म्हणजे तिथे दाब कमी पडून शाई हलकी लागे. प्रात्यक्षिकात हे विचारा; दाखवणारी माणसं आवडीने समजावून सांगतात.

ठशाची उंची छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांएवढी असल्यामुळे चित्र आणि मजकूर एकाच दाबात छापता येत. ताम्रपटाला, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राला, वेगळं यंत्र, वेगळी छपाई, जास्त खर्च. ब्यूइकचं पुस्तक ताम्रपटांच्या पुस्तकांपेक्षा अधिक घरांत पोचू शकलं त्याचं एक मोठं कारण हे.

चेरीबर्नहून ओव्हिंजमला जा. पाटीवरच्या स्पेलिंगवरून 'ओव्हिंगहॅम' म्हणाल, पण स्थानिक लोक ओव्हिंजम म्हणतात. ते नदीच्या उत्तर काठावर आहे. लहानपणी ब्यूइक शाळेसाठी नदी ओलांडून तिकडे जाई. आता प्रुडो स्टेशनजवळच्या पुलावरून पायी जाता येतं. पुलावर थांबून पाण्याकडे बघा, आम्हाला राखी बगळा दिसला. सेंट मेरी चर्चचा बुरूज सॅक्सन काळातला आहे. ब्यूइक आणि त्याची पत्नी इझाबेला याच आवारात विसावले आहेत. नदीकाठची वाट पावसानंतर चिखलाची असते, घोट्यापर्यंत येणारे बूट घाला. दुपारचं खाणं न्यूकॅसलहूनच बरोबर घ्या. वेळ असेल तर प्रुडोचा किल्ला वाटेवरच आहे.

आता शहर. चौदाव्या वर्षी, 1767 च्या ऑक्टोबरात, ब्यूइक न्यूकॅसलमधल्या राल्फ बिल्बी या कोरीव काम करणाऱ्या कारागिराकडे शिकाऊ उमेदवार म्हणून लागला. चांदीच्या भांड्यांवर नावं, शिक्के, बिलांचे मथळे, जे येईल ते तिथे कोरलं जाई. पुढे दोघं भागीदार झाले. पक्ष्यांच्या पहिल्या खंडाचा मजकूर मुख्यतः बिल्बीचा, चित्रं ब्यूइकची, आणि शीर्षकाच्या पानावर श्रेय कुणाचं यावरून त्यांचं बिनसलं. त्याच साली भागीदारी मोडली. सेंट निकोलस कॅथीड्रलच्या मागे, जिथे त्याचं कार्यशाळेचं घर होतं, तिथे भिंतीवर त्याचा अर्धपुतळा आहे. मूळ संगमरवरी पुतळा स्टेशनजवळच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीत बघायला मिळतो. ते ग्रंथालय सगळ्यांना खुलं आहे, आत जाऊन निवांत बसा.

सर्वांत जास्त वेळ ग्रेट नॉर्थ म्युझियमसाठी राखून ठेवा. प्रवेश विनामूल्य आहे. नॉर्थम्ब्रियाच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचं ग्रंथालय इथेच असून ब्यूइकची जलरंगातली मूळ रेखाटनं सोसायटीच्या संग्रहात आहेत. ती बाहेर टांगलेली असतीलच असं नाही, म्हणून निघण्याच्या पुरेशी आधी ईमेल करून विचारा. बरोबर चांगलं भिंग न्या. मी आग्रहाने सांगतो, भिंगाशिवाय जाऊ नका.

याच संग्रहालयाचा आणखी एक धागा आहे. 1791 साली ब्यूइक विक्लिफ या गावी मार्मड्यूक टनस्टॉल या निसर्गसंग्राहकाच्या संग्रहातले पेंढा भरलेले पक्षी रेखाटायला गेला आणि तिथे जवळजवळ दोन महिने राहिला. ते पक्षी बेढब भरलेले आहेत, जिवंत पक्ष्याचा डौल त्यात नाही, हे त्याच्या लक्षात आलं. मग ताजे मिळालेले किंवा जिवंत आणलेले पक्षी हाती येईपर्यंत थांबायचं त्याने ठरवलं. टनस्टॉलचा संग्रह पुढे न्यूकॅसललाच आला. पुस्तकात हा फरक स्वतः शोधून बघा: काही परदेशी किंवा दुर्मीळ पक्षी ताठ उभे आहेत, आणि रेन, यलोहॅमर, रॉबिन हे तिथले नेहमीचे छोटे पक्षी आत्ता उडतील असे.

मराठी वाचकाने सुरुवात ओळखीच्या पक्ष्यांपासून करावी. घरची चिमणी, खंड्या, राखी बगळा, हुदहुद, सगळे त्याच्या पुस्तकात आहेत. रोज पाहिलेल्या पक्ष्यात त्याने काय टिपलं ते लगेच कळतं. मग प्रकरणांच्या शेवटी असलेल्या छोट्या चित्रांकडे या. पुलाचा टोल वाचवायला गाईची शेपटी धरून नदी ओलांडणारा माणूस आणि वाहून चाललेली त्याची टोपी मला सर्वांत प्रिय आहे. ही चित्रं पक्ष्यांइतकीच महत्त्वाची आहेत असं माझं ठाम मत आहे: गरिबी, पाऊस, वेशीवरचा फास, सगळं त्यात आहे.

1827 साली ऑड्युबॉन न्यूकॅसलला आला तेव्हा तो म्हाताऱ्या ब्यूइकला भेटला, आणि पुढे त्याने एका अमेरिकन रेनला ब्यूइकचं नाव दिलं. 1828 च्या नोव्हेंबरात ब्यूइक गेला. दोन वर्षांनी विल्यम यारेल या इंग्रज निसर्गअभ्यासकाने हिवाळ्यात ब्रिटनला येणारा लहान हंस वेगळा ओळखून त्यालाही त्याचंच नाव दिलं.

गाडी भाड्याने घेणार असाल तर उत्तरेला चिलिंगमची रानटी पांढरी गुरं बघून या. 1789 मधला त्याचा प्रसिद्ध बैलाचा ठसा याच कळपातल्या बैलाचा. पुस्तक विकत घ्यायचं तर मूळ आकारात छापलेली प्रत शोधा. चित्रं मोठी करून छापलेल्या आवृत्त्या टाळा, त्यात बारीक रेघा फुगतात. जुन्या पुस्तकांच्या दुकानात एकोणिसाव्या शतकातल्या नंतरच्या आवृत्त्या मिळतात. घेण्याआधी स्टार्लिंगचं पान उघडा, आणि ठिपके शाईने भरून गेलेले दिसले तर दुसरी प्रत मागा.