बाटलीचे खांदे

परवा दुपारी एका मोठ्या सुपरमार्केटात वाइनच्या कप्प्यांपुढे रेंगाळत होते. छतातून अ‍ॅकॉर्डियनवरची कसलीशी धून येत होती आणि हातात फ्रेंच बाटली. ती कधी उचलली, कळलंच नाही. मी घाईने परत ठेवली. कारण हा डाव मला ठाऊक आहे. अ‍ॅड्रियन नॉर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर इंग्लंडमधल्या एका सुपरमार्केटात वाइनपाशी एक दिवस फ्रेंच आणि एक दिवस जर्मन संगीत लावून पाहिलं होतं. फ्रेंच सूर असले की फ्रेंच वाइन जास्त खपायची, जर्मन असले की जर्मन. १९९७ साली ते छापून आलं. गाण्याचा आपल्यावर परिणाम झाला, असं गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांनी मान्य केलं नाही, ही त्यातली खरी गंमत. मीही केलं नसतं. ती धून संपेपर्यंत कशालाही हात न लावता उभी राहिले, एवढाच काय तो बाणेदारपणा.

तरी मोठं दुकान मला आवडतं. तिथे कुणी काही विचारत नाही. चिली-ऑस्ट्रेलियाच्या बाटल्या द्राक्षाचं नाव ठळक सांगून मोकळ्या होतात. फ्रेंच बाटली बहुतेक वेळा फक्त आपला मुलूख सांगते, पुढचं तुम्ही जाणायचं. शाब्ली या मुलखाची वाइन म्हणजे शार्दोने द्राक्षाचीच, पण तसं लेबलवर लिहिलं तर जणू घराण्याची अब्रू जाईल.

म्हणून मी खांदे बघते. फ्रान्समधल्या बोर्दोची बाटली ताठ खांद्यांची, तिथल्याच बर्गंडीची उतरत्या खांद्यांची आणि रीस्लिंग या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनची उंच, शिडशिडीत, खांदे जवळजवळ नाहीतच. माझा कल उतरत्या खांद्यांकडे. हा काही निकष नव्हे, हे मला कळतं. पण दुकानात येऊन निकष लावणारी माणसं तरी दुसरं काय करतात?

खांदे पाहून झाले की बाटली उलटी फिरवायची. मागचं लेबल वाचण्याची खोड फार जुनी. लहानपणी डॉक्टरांकडचा कंपाउंडर बाटलीत लाल मिक्श्चर भरून तिच्या पाठीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. तापात पडल्या पडल्या मी त्या खाचा मोजायची आणि औषध खाचेच्या थोडं वर राहिलंय की खाली गेलंय, यावरून घरातल्यांशी हुज्जत घालायची. चवीबद्दल ती पट्टी अवाक्षर काढत नसे. वाइनच्या पाठीवर मात्र चवीचाच महापूर: काळी बोरं, चामडं, ओली माती, व्हॅनिला. मी सगळं मन लावून वाचते. घरी येऊन चामडं शोधते. सापडत नाही.

खास वाइनच्या दुकानात मात्र वाचायला उसंत मिळत नाही. गारवा, मंद उजेड, आडव्या निजवलेल्या बाटल्या. बूच ओलं राहावं म्हणून आडव्या ठेवतात, हे ठीक. पण फिरकीच्या झाकणाच्याही आडव्याच! तो निव्वळ रुबाब. आपण आत शिरलो की अंगावर येतो तो प्रश्न: ‘काय बघताय?’ मी बहुधा ‘भेट द्यायचीय’ असं सांगते. म्हणजे अज्ञान माझं राहत नाही, ते घेणाऱ्याच्या खाती जमा होतं. काही विक्रेते मग विशेषणांची सरबत्ती सुरू करतात. बोर्दोच्या विद्यापीठात ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली होती, तेव्हा त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. सरबत्ती चालू असताना मला ते विद्यार्थी आठवतात आणि धीर येतो. चांगला विक्रेता विशेषणं वापरत नाही. ‘कशाबरोबर घेणार?’ एवढं विचारतो आणि महागडीकडे गेलेला आपला हात बघून म्हणतो, ‘ती नको, ही घ्या.’ असा माणूस भेटला की दुकान बदलू नये.

कोपऱ्यावरच्या दुकानाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ते रात्री उशिरापर्यंत उघडं असतं, हाच त्याचा गुण. बाटल्या उभ्या, काही तर थेट उन्हाच्या खिडकीत, आणि त्याही पारदर्शक काचेच्या. उजेडाने वाइन नासते, पारदर्शक काचेत तर लवकरच. तिथल्या बाटलीवरची धूळ म्हणजे मुरलेपण नव्हे, खप नाही इतकंच.

‘ती नको’ म्हणणाऱ्या त्या विक्रेत्याकडे एक वरचा कप्पा आहे. मध्ये तिथली एक बाटली मी सहज खाली काढली, तर तो म्हणाला, ‘हिला अजून पंधरा वर्षं तरी हात लावू नका.’ जगातली बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत पिऊन टाकायलाच केलेली असते, ही त्यांतली नव्हती. पंधरा वर्षं. तेव्हा माझं वय किती, घरात कोण कोण असेल, बूच कोण काढेल, हा हिशेब करायचा नाही म्हटलं तरी होतोच. मी बाटली वर ठेवली आणि फिरकीच्या झाकणाची एक मागितली, त्याच रात्रीसाठी.